रेघेबाहेरची राई

मी एक जुनी काठी आहे. बोरीच्या लाकडाची, मुठीपाशी जराशी गाठाळ, बुडाला लोखंडी वळं बसवलेली. मित्रांनो, काठीला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. कोपऱ्यात उभं राहायचं आणि कुत्रं आलं की बाहेर पडायचं, एवढंच. पण मला जे आठवतं ते सांगायला आता राईतलं दुसरं कुणी उरलेलं नाही. म्हणून तुम्हाला जरा बसवून घेते.

निरगुडसरच्या पुढे धनगरांची एक वस्ती आहे. वस्तीच्या खालच्या अंगाला, गायरानाच्या तुकड्यावर बिरोबाची राई होती. बाभळी, लिंब, हिवर, बोरी, सगळी दाट झाडं आणि मधोमध शेंदूर लावलेला बिरोबाचा दगड. या राईतली काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, असा वस्तीचा नेम होता. सूट एकच. पोरगा मेंढरांमागे जाण्याजोगा झाला, की त्याच्या बापाने देवाला विचारून त्याच्यासाठी एक फांदी उतरवायची. जन्माला एक काठी. मोडली तर पुन्हा मागायची नाही आणि हरवली तर वस्तीभर हसं करून घ्यायचं.

सोनबाच्या वाट्याला मी आले. त्याच्या बापाने मला गोवऱ्यांच्या आरावर शेकून सरळ केलं, साल काढली, करडईचं तेल पाजलं आणि काही दिवस आढ्याला टांगून ठेवलं. मग सोनबाच्या हातात दिली. पोराचा हात घामाने ओला झाला होता. मला तेव्हाच कळलं, की हा आपल्याला सोडणार नाही.

पुढची कितीतरी वर्षं आम्ही चाललो. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, पावसाच्या तोंडावर परत यायचं. मेंढरांना मारायचं माझं काम नव्हतं. नुसती आडवी धरली की कळप वळायचा. एकदा डिंभ्याच्या बाजूला एका तरसाने कोकरू उचललं, तेव्हा मात्र सोनबाने मला अशी फेकून मारली, की कोकरू सुटलं आणि माझ्या मुठीखाली कायमची चीर पडली. मंचरच्या बाजारात लोक मला हातात घेऊन वजन बघायचे. "सोनबा, देतो का रं?" म्हणायचे. सोनबा नुसता हसायचा. खरं सांगते, तेव्हा मला फार मोठेपणा वाटायचा.

परतीच्या वाटेवर लांबून राई दिसली, की मेंढरं आपोआप पाय उचलायची. भर दुपारी सगळा कळप त्या सावलीत बसायचा, तिथेच रवंथ करायचा आणि बाभळीच्या शेंगा खायचा. माझी बोर दक्षिणेच्या कडेला होती. सोनबा तिच्याच बुंध्याला मला टेकवून झोपायचा. मी माझ्या आईला टेकून उभी असायचे. आता तो विचार केला तरी जीव कासावीस होतो.

राईला लागूनच सोनबाचं रान. त्या घरात एक रीत होती. पेरणीच्या आधी घरच्या कर्त्याने रानाच्या कडेकडेने एक फेरी मारायची. ही फेरी राईच्या कोपऱ्यावर आली, की पायातलं काढायचं आणि राईला बाहेरून वळसा घालून पुन्हा रानाच्या बांधाला लागायचं. म्हणजे देवही फेरीत आला. राई काही सोनबाच्या मालकीची नव्हती, ती गायरानात होती, हे त्यालाही ठाऊक होतं. पण देवाला बाहेर ठेवून पेरायचं नाही, असं त्याच्या बापाने सांगितलं होतं आणि बापाला त्याच्या बापाने.

मग दिवस फिरले. चरायला रानं राहिली नाहीत, सोनबाचे गुडघे धरले, मुलगा दादाभाऊ मेंढरांमागे जायला तयार नव्हता. कळप विकला. दादाभाऊने रानात सोयाबीन घेतलं आणि चांगलं घेतलं, त्याच्या कष्टाला नावं ठेवायला जागा नाही. मी मात्र पडवीच्या कोपऱ्यात गेले. बाळाबाई, म्हणजे सोनबाची मालकीण, माझ्यावर ओली धडुती टाकायची. एका पावसाळ्यात तर मला ताडपत्रीखाली टेकू म्हणून लावलं. तरसाशी झुंजलेली काठी मी, आणि शेळीच्या पेंडीवरची ताडपत्री सावरत उभी होते. कुणाला सांगणार?

पुन्हा हातात आले ती सोयाबीनमुळेच. वस्तीवरच्या शेतकऱ्यांचं एक मंडळ होतं, गेणभाऊ त्याचा प्रमुख. मंडळाचा सगळा माल एकत्र करून मंचरला नथमल शेठच्या आडतीवर जायचा आणि तिथून एका कंपनीमार्फत परदेशी. त्या वर्षी श्रावणात कंपनीची एक मुलगी वस्तीवर आली, सुप्रिया तिचं नाव. समाजमंदिरात तिने सगळ्यांना बसवून सांगितलं, "तिकडं युरोपात नवा कायदा होतोय. जंगल तोडून पिकवलेला माल ते घेणार नाहीत. म्हणून कुणाचं सोयाबीन कुठल्या रानात पिकलं ते उपग्रहाच्या नकाशावर दाखवावं लागेल. मोबाईल हातात धरायचा आणि आपल्या रानाच्या कडेनं फिरायचं. आपोआप रेघ उमटते."

"आन् येकाची रेघ चुकली तर?" गेणभाऊने विचारलं.

"माल एकत्र जातो ना, मग सगळाच थांबतो."

दादाभाऊ त्या दिवशी खतासाठी मंचरला गेला होता. सुप्रियाभोवती माणसांचा गराडा, ऊन मी म्हणत होतं, आणि सोनबाचं रान सगळ्यात टोकाला. तिने मोबाईल चालू करून सोनबाच्या हातात दिला. "आजोबा, तुमचंच रान आहे, तुम्हाला काय सांगायचं. कडेकडेनं फिरा आणि निघालात तिथंच परत या."

एवढ्या मोठ्या कामाला निघायचं म्हणून सोनबाने ताडपत्रीखालून मला काढलं. माझ्या जागी फावडं लावलं. धोतराने मला पुसलं. एका हातात मोबाईल, एका हातात मी, असे आम्ही निघालो. कमरेइतकं सोयाबीन उभं होतं. म्हातारा खुशीत होता, मोबाईल देवाच्या ताटासारखा आडवा धरला होता. राईच्या कोपऱ्यावर आलो. सोनबा थांबला, वहाणा काढल्या आणि जन्मभर वळत आला तसा वळला. राईला पूर्ण वळसा घातला, बिरोबाला लांबून हात जोडले, पुन्हा बांधाला लागला.

मीही त्याच्याबरोबर वळले. त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही आणि त्याला तर नाहीच नाही. सुप्रियाने मोबाईल घेतला, "झालं, आजोबा" म्हणाली आणि दुसऱ्या रानाकडे गेली. पुढच्याच आठवड्यात तिला पश्चिमेकडची, डिंभ्याच्या पलीकडची गावं दिली.

दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन निघालं. मंडळाच्या शेडमध्ये पोत्यांची थप्पी लागली आणि तशीच राहिली. कंपनी माल उचलेना. गेणभाऊने चौकशी केली तर कळलं, सगळी रानं नकाशावर हिरवी झाली, सोनबाचं एकट्याचं लाल आहे.

दादाभाऊ आणि सोनबा मंचरला गेले. गुडघ्यांमुळे आता मीही रोज सोबतीला असायचे. नथमल शेठ गादीवर बसले होते, त्यांचा नातू प्रितम कॉम्प्युटरपाशी. बाहेर कांद्याच्या गाड्यांची रांग, आत फोनवर फोन. प्रितमने पडदा फिरवून दाखवला. लाल रेघेच्या आत सोनबाचं रान होतं आणि रानाच्या एका अंगाला झाडांचा गर्द हिरवा डाग.

"हे बघा दादाभाऊ, तुमच्या रानात जंगल दिसतंय. सिस्टीम म्हणते, जंगलाच्या जागेत माल कसा पिकला? खुलासा मागितलाय. मी मेल टाकलाय कंपनीला."

"जंगल कुठलं? बिरुबाची राई हाय ती," सोनबा म्हणाला.

"ते मला माहीत आहे हो बाबा, मशीनला कुठं माहीत?" तेवढ्यात प्रितमचा फोन वाजला. तो कानाला लावता लावता म्हणाला, "ही झाडं नसती ना, तर प्रश्नच नव्हता बघा."

मित्रांनो, हे वाक्य त्याने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. बोलता बोलता माणूस म्हणून जातो तसं म्हटलं. गादीवरून नथमल शेठ म्हणाले सुद्धा, "घाई करू नका सोनबा. उत्तर येऊ द्या." पण दादाभाऊच्या कानात प्रितमचंच वाक्य बसलं होतं.

उत्तर काही येईना. सुप्रियाला फोन करावा तर डिंभ्याकडे रेंज नाही. दिवाळी तशीच गेली. शेडात उंदीर शिरले, पोत्यांना घुशी लागल्या. सकाळी दादाभाऊ दुधाच्या डेअरीवर गेला, की माणसं बोलायची थांबायची. एका संध्याकाळी गेणभाऊ मंडळाच्या चौघांना घेऊन अंगणात आला.

"दादाभाऊ, तुज्यावर राग न्हाई आपला. पर लोकांच्या घरी लग्नं हायती, दुखणी हायती. येका तुज्या रानापायी समद्यांचा माल आडलाय राव."

"मग काय करू सांगा."

"ते तू बघ. झाडं रानात दिसत्यात म्हनत्यात. दिसाय नगं येवढंच."

सोनबा उठून उभा राहिला. मला त्याने असं आवळून धरलं, की माझ्या चिरेत त्याची कातडी अडकली. "राई माजी न्हाई गेणभाऊ. देवाची हाय. तिला हात लावाया मी कोन?"

"मग देवालाच इचारू," गेणभाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कौल लावला. कौल म्हणजे काय, ते सांगते. देवाच्या दगडावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि मनातलं विचारायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. राई तोडायची का, असं विचारून दादाभाऊने कळ्या लावल्या. डावी पडली.

सोनबाचा जीव भांड्यात पडला. पण गेणभाऊ म्हणाला, "वारं व्हतं. पुन्यांदा लावा." कौल पुन्हा लावत नाहीत, हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी लावला. या खेपेला उजवी पडली. वारं आहे का, हे तेव्हा कुणी पाहिलं नाही.

सोनबा उठला. मग त्याने जे केलं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. तो दगडाजवळ गेला, घोंगडं पसरलं आणि म्हणाला, "माज्या देवापायी गावाचा माल नासाया नगं. लोकं उद्या त्याला शिव्या देतील." त्याने बिरोबाला घोंगड्यात घेतलं आणि छातीशी धरून घरी नेलं. मला राईतच विसरला. आयुष्यात पहिल्यांदा विसरला.

म्हणून मी सगळं पाहिलं. कुऱ्हाडसुद्धा नव्हती, करवतीचं मशीन होतं. सकाळी सुरू झालं आणि जेवणवेळेपर्यंत राईतून पलीकडचा रस्ता दिसायला लागला. लिंब पडला तेव्हा जमीन हलली. माझी बोर छोटी, तिला कितीसा वेळ लागणार? मी तिच्याच बुंध्याला टेकलेली होते. मशीनवाल्याने मला उचलून बाजूला फेकलं आणि तिला कापलं. बोरं लागली होती, हिरवी. ती सगळी भुशात सांडली. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. संध्याकाळी वखारवाल्याचा ट्रॅक्टर आला आणि लाकडं घेऊन गेला. अंधार पडल्यावर बाळाबाई मला शोधत आली. तिने एकदा सगळीकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि मला घेऊन घरी आली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सुप्रिया आली. डिंभ्याकडचं काम संपवून परत येताना तिला कंपनीने लाल रानाची चौकशी करायला धाडलं होतं. तिने अंगणातच मोबाईल उघडला, रेघ पाहिली, मग गटाचा सरकारी नकाशा पाहिला.

"आजोबा, तुमच्या गटात झाडं नाहीतच की! तुमची हद्द इथं संपते. तुम्ही त्या दिवशी इकडून बाहेर गेलात आणि गायरानाला वळसा घालून आलात. म्हणून झाडं आत दिसली." ती हसली. "काही नाही, पुन्हा एकदा सरळ चालायचं, की झालं. मीच बरोबर यायला हवं होतं."

मला टेकत टेकत सोनबा पुढे निघाला आणि ती मागे. रानाच्या टोकाला आल्यावर तिचं हसू मावळलं. समोर बुंधेच बुंधे होते, काही अजून ओले.

"हे कधी तोडलं?"

"दिवाळीमागं."

"कुणी सांगितलं तोडायला?"

"कुनी न्हाई पोरी," सोनबा म्हणाला. "माजे पाय चुकले."

सुप्रिया खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी जवळून पाहिलं. तिने गुळगुळीत कापलेल्या लिंबाच्या बुंध्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "ही जागा तुमच्या रेघेत येत नाही, आजोबा. रेघेच्या बाहेर काय झालं, ते मला कुणी विचारत नाही. मी कळवीन. पण तिथं त्यासाठी रकानाच नाही."

मग फेरी सुरू झाली. या वेळी ती शेजारून चालत होती. राईच्या कोपऱ्यावर आलो आणि सोनबाचा पाय आपोआप वहाणेतून निघाला. शरीर वळलं. मीही वळले. सुप्रियाने हलकेच त्याच्या दंडाला धरलं. "इकडून नाही आजोबा. सरळ."

म्हातारा तिथे उभा राहिला. देव घरात होता, झाडं वखारीत होती, तिथे वळण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तरी त्याला सरळ पाऊल टाकायला फार वेळ लागला. शेवटी त्याने वहाण पायात घातली आणि सरळ चालला. आजापणजापासून पहिल्यांदा त्या घरची फेरी देवाला बाहेर ठेवून पुरी झाली.

मोबाईलवर रान हिरवं झालं. आठवड्याच्या आत गाडी आली आणि पोती उचलून गेली. जाताना कागदही मिळाला, हा माल जंगल न तोडता पिकवलेला आहे म्हणून. गेणभाऊने तो समाजमंदिरात लावला आणि दादाभाऊच्या पाठीवर थाप मारली. "बघ, झाडं गेली तवा कुटं मार्गी लागलं!"

मित्रांनो, खरं दुःख इथून पुढचं आहे. वस्तीने हेच खरं मानलं. सोनबा मला टेकत दारोदार गेला. "आरं, झाडामुळं न्हवतं ते. मी चुकीचा फिरलो म्हनून झालं. त्या पोरीला इचारा." लोक त्याला चहा पाजायचे, मान डोलवायचे आणि तो गेल्यावर म्हणायचे, राई गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. दादाभाऊला खरं काय ते उमगलं होतं. पण तो बापाच्या नजरेला नजर देत नाही, मग लोकांना काय सांगणार? पुढच्या मोजणीला भानगड नको म्हणून गेणभाऊने बांधावरचे दोन लिंब काढले. त्याचं बघून खालच्या आळीने बाभळी काढल्या. जो कायदा जंगल वाचवायला निघाला होता, त्याच्या नावाने आमची वस्ती उघडी बोडकी झाली. आणि नकाशावर आता कुणाचंच रान लाल नाही.

मी म्हातारी काठी, मला कायद्यातलं कळत नाही. एवढंच मागते, झाडाला हात लावण्याआधी एकदा नीट विचारा. ज्याला माहीत आहे त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मनासारखा आला नाही म्हणून कौल पुन्हा लावू नका. पोत्यांचा माल थोडा नासला असता, पुढच्या वर्षी पुन्हा पिकला असता. त्या लिंबाएवढा लिंब बघायला तुमच्यापैकी कुणी असणार नाही.

सोनबा अजून रोज दुपारी तिकडे जातो. कोपऱ्यावर वहाणा काढतो आणि बुंध्यांना बाहेरून वळसा घालतो. मग बोर होती तिथे मला मातीत रोवतो आणि शेजारी बसतो. ऊन फार असतं. राईतली मी एकटीच उरलेली, म्हणून तो माझीच सावली बघतो. ती त्याला पुरत नाही. तिच्यात तो आपल्या वहाणा ठेवतो, निदान त्या तरी तापू नयेत म्हणून.